आय्ता सरांचे अकरा सेकंद

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी म्हटलं, नोकरीतून पूर्ण मोकळे होऊ आणि मग सांगू. मोकळा झालो तेव्हा म्हटलं, मोतीबिंदू काढून होऊ दे. आता दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, सगळं लख्ख दिसायला लागलं, त्यात मी स्वतःही दिसायला लागलो आणि टाळायला नवीन कारण सापडेना. तेव्हा सांगतो. या भूतलावर प्रश्न विचारल्यावर उत्तराची खरोखर वाट बघणारा एकच माणूस होऊन गेला. तो बंगळूरला आमच्या बसवनगुडीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि मुलं त्याला आय्ता सर म्हणायची. बाकी आपण सगळे प्रश्न विचारतो ते पुढचं वाक्य सुचेपर्यंत वेळ काढायला.

सर मूळचे निपाणीकडचे. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि बंगळूरमध्ये पस्तीस-चाळीस वर्षं काढल्यावर दोन्हींचा काला. मी पुण्याहून इथे अर्थशास्त्र शिकवायला आलो तेव्हा माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. भिंतीपलीकडून दर थोड्या वेळाने 'आयता?' असा खडा सवाल ऐकू यायचा आणि मग शांतता पसरायची. मला वाटलं, हे गृहस्थ मुलांना आयतोबा म्हणून झापताहेत आणि मुलं शरमेने गप्प बसताहेत. मला फार बरं वाटलं. स्टाफरूममध्ये मी आपणहून त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "बरोबर आहे सर तुमचं. यांना सगळं आयतंच पाहिजे असतं." सर माझ्याकडे बघत राहिले. चांगले बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पुणे अण्णा, कन्नडात आय्ता म्हणजे झालं का. समजलं का, पुढं जाऊ का, असं. मी झापत नाही हो, विचारतोय." सर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनाच अण्णा म्हणत. पण गावासकट अण्णा झालेला मी एकटाच.

तर त्यांची शिकवण्याची पद्धत अशी. फळ्यावर एक पायरी लिहायची, खडू खाली ठेवायचा, वर्गाकडे तोंड करायचं आणि विचारायचं, "आय्ता?" मग शेवटच्या बाकाकडे नजर लावून उभं राहायचं. बरोबर अकरा सेकंद. त्यानंतर, कुणी काही विचारलं नाही तर, "सरी." म्हणजे ठीक. आणि खडू उचलायचा. अकराच का, हा प्रश्न त्यांना विचारायची चूक मी एकदा केली. त्यांनी कपाटातून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. कितव्या सेकंदाला कोणत्या बाकावरचा हात वर जातो, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यात होत्या. "बघा की," सर म्हणाले, "तिसऱ्या सेकंदाला हात वर करतो तो घरून शिकून आलेला असतो, त्याला माझी गरज नाही. सहा-सातला करतो तो शेजाऱ्याचं बघून. ज्याला खरंच कळलेलं नाही त्याचा प्रश्न नवव्याला तयार होतो. दहाव्याला त्याला लाज वाटते. अकराव्याला लाजेचा कंटाळा येतो आणि हात वर जातो. मी दहाव्याला पुढं गेलो तर तो हात जन्मभर खालीच की हो."

हे अकरा सेकंद वर्गात राहिले असते तर ठीक होतं. पण सरांच्या अंगात ते इतके मुरले होते की बाहेरच्या जगालाही सरसकट लागू व्हायचे. सरांना फोन केला आणि 'कसे आहात' विचारलं की पलीकडे सामसूम व्हायची. निम्मी माणसं लाइन गेली असं समजून फोन ठेवायची आणि उरलेली निम्मी 'हॅलो, हॅलो' करून सरांचे सेकंद मोडायची, की सर पुन्हा पहिल्यापासून सुरू. कुणाच्या दारी गेले की घंटा एकदाच वाजवायची आणि अकरा मोजायचे. तेवढ्यात दार उघडलं नाही तर यजमानांना आत्ता भेटायची इच्छा दिसत नाही, असा निष्कर्ष काढून ते परत जायचे. गुडघे दुखणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने सर कधी त्यांच्या घरी आलेच नाहीत. कॉलेजच्या कोपऱ्यावर उभ्याने खायचं एक हॉटेल होतं. तिथल्या काउंटरवाल्याने "सर, इडली की खारा भात?" (म्हणजे इथलं तिखट उप्पीट) असं विचारलं की सर विचारात पडत आणि मागे रांग वाढे. शेवटी तो सर दिसले की न विचारताच इडली ठेवायला लागला. सरांना याचं वाईट वाटलं. "मला विचारायचं बंद केलंत, अण्णा," असं ते त्याला म्हणाले, आणि त्या दिवशी मुद्दाम खारा भात खाल्ला. घरी वहिनींनी मात्र यातून आपला मार्ग काढला होता. त्या स्वयंपाकघरातून प्रश्न विचारायच्या, तोंडी लावणं फोडणीला टाकायच्या आणि मग उत्तर घ्यायला बाहेर यायच्या.

असा माणूस ऑनलाइन शिक्षणाच्या नावाने बोटं मोडेल, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. कोरोनात कॉलेज बंद झालं आणि तास मोबाइलवर गेले, तेव्हा आम्हीच बोटं मोडली. मी तर आठवडाभर स्वतःचा आवाज बंद ठेवून चलनवाढ शिकवली. सर मात्र खूश होते. समोर चेहऱ्यांऐवजी काळे चौकोन, त्यात कुणाचं पहिलं अक्षर, कुणाच्या मांजराचा फोटो. सर त्या चौकोनांनाही "आय्ता?" विचारायचे आणि थांबायचे. पंधरा दिवसांनी त्यांनी मला फोन करून शोध कळवला. "पुणे अण्णा, ऑनलाइनला अकरा पुरत नाहीत. एकवीस लागतात. नेटवर्क, मग ते बटण शोधायचं, मग घरात कुणी ऐकतंय का ते बघायचं. पण फायदा बघा. वर्गात जी कधी तोंड उघडली नसती ती लिहून विचारते."

ही 'ती' म्हणजे व्हाइटफील्डला एका कंपनीत अर्धवेळ काम करून शिकणारी एक मुलगी. कंपनीच्या कॅबमध्ये बसून ती तास ऐकायची. ट्रॅफिकमध्ये कॅब अडकली की तिचा प्रश्न यायचा, कधी तास संपल्यावर तीन तासांनीसुद्धा. सर दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना आधी तिचा प्रश्न वाचून दाखवायचे, नाव न घेता. "छान वस्तू आहे ही," ते ऑनलाइनबद्दल म्हणायचे. "लांबच्याला जवळ आणते, लाजऱ्याला बोलतं करते. फक्त हिला स्वल्प थांबायला शिकवलं पाहिजे." त्या वर्षीच्या मुलांना त्यांनी एक शब्दही देऊन टाकला. तुमचं पहिलं वर्ष मी तुमची तोंडं न बघता शिकवलं, तेव्हा तिसरं वर्ष मी समोर उभा राहून शिकवीन, त्याशिवाय घरी बसणार नाही. सर निवृत्त झालेले होते, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर शिकवत होते. त्यांना बाकी काही नको होतं. ही एक तुकडी शेवटपर्यंत न्यायची होती, एवढंच.

आता माझ्याकडे येतो. कॉलेज पुन्हा उघडलं आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना ई-लर्निंगचं वेड लागलं. अध्यक्षांचा मूळ धंदा इमारती बांधण्याचा. रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडायची नाही. सगळ्या विषयांची व्याख्यानं एकदाच रेकॉर्ड करायची, मुलांनी ती हवी तेव्हा, हवी तिथे बघायची, अशी त्यांची योजना. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. त्यासाठी एक केंद्र निघालं आणि त्याचा संचालक म्हणून माझी नेमणूक झाली. मीही मुदतवाढीवरच होतो. संगणकातलं मला इतरांपेक्षा जास्त कळायचं असं नाही, पण कळत नसताना मान हलवण्याची माझी हातोटी उत्तम होती. मला वातानुकूलित खोली मिळाली आणि दारावर पाटी लागली. त्या पाटीवर दिवसातून किमान दोनदा रुमाल फिरवणारा माणूस कोण, असा शिपायाला बरेच दिवस प्रश्न होता.

सामानाच्या खोलीत हिरवा पडदा आणि एक फळा लावून आम्ही स्टुडिओ केला. कॅमेऱ्यामागे मी आणि समोर सर. वर्ग नव्हता. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, शेवटचं बाक कुठाय विचारलं. मी म्हणालो, "बाक नाही सर, कॅमेऱ्यात बघून बोला." त्यांना ते पटलं नाही. कोपऱ्यात एक गंजकं लोखंडी कपाट होतं, ते त्यांनी शेवटचं बाक म्हणून मुक्रर केलं. मग पंधरा दिवस सरांनी त्या कपाटाला संख्याशास्त्र शिकवलं. पायरी झाली की "आय्ता?" आणि अकरा सेकंद कपाटाकडे आशेने बघणं. एकदा ऐन शांततेत कपाटाचं दार आपोआप किरकिरत उघडलं. सर म्हणाले, "बोला, अण्णा." मी हसलो आणि रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं.

पण त्याच खोलीत आणखी एक गोष्ट घडली, ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही. सर प्रमाण विचलन शिकवत होते. तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवताना हा शब्द मी हजारदा तोंडातून काढला असेल, पण तो नेमका काय असतो ते मला कधीच कळलेलं नव्हतं. सूत्र पाठ होतं. सरांनी विचारलं, "आय्ता?" मी कॅमेऱ्यामागे उभा. सात झाले, आठ झाले. नवव्याला माझ्या डोक्यात प्रश्न तयार झाला. दहाव्याला, वय वर्षे अडुसष्ट, ई-लर्निंग केंद्राचा संचालक, मला लाज वाटली. आणि अकराव्याला माझा हात वर गेला. सरांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांनी खडू उचलला आणि बनशंकरीहून येणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या बसचं उदाहरण घेतलं. बस सरासरी वेळेवर येते म्हणून काही कामाची नसते, ती त्या वेळेच्या किती मागेपुढे भटकते हे माहीत पाहिजे, नाहीतर माणूस छत्री घेऊन उभा राहतो. दोन मिनिटांत कळलं. मग ते म्हणाले, "सरी?" आणि मी मान हलवली, आयुष्यात पहिल्यांदा कळल्यावर.

रेकॉर्डिंग संपल्यावर सरांनी मला एकच विनंती केली. "मधला वेळ काढू नका. घरी बघणाऱ्यालाही स्वल्प थांबावं लागतंय." मी हो म्हणालो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं. रेकॉर्डिंगमधली शांतता शोधून ती आपोआप कापून टाकणारं. अध्यक्षांना व्याख्यानं आटोपशीर हवी होती आणि वर्षअखेरीला केंद्राने किती वेळ वाचवला त्याचा अहवाल हवा होता. माझी मुदतवाढ त्या अहवालावर होती. मी बटण दाबलं. सरांचा पन्नास मिनिटांचा तास एकतीस मिनिटांत बसला. 'आय्ता' आणि 'सरी' यांच्यामध्ये काहीच उरलं नाही, त्यामुळे सर उचकी लागल्यासारखे 'आय्तासरी, आय्तासरी' करत, कोंबडीसारखी मान झटकत धावताना दिसायला लागले. मुलांनी त्याची रिंगटोन केली. मूळ रेकॉर्डिंग फार जागा खात होती, ती मी पुसून टाकली. आणि अहवालात माझ्या हाताने लिहिलं: संख्याशास्त्राच्या प्रत्येक तासात एकोणीस मिनिटे रिकामा वेळ आढळला.

बैठकीत अध्यक्षांचं बोट त्या ओळीवर थांबलं. "रिकामा म्हणजे? या वेळात मास्तर करतात काय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर मला माहीत होतं, इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मी मनात मोजायला लागलो. चारपर्यंत पोचलो असेन. "काही नाही," मी म्हणालो, "नुसते उभे असतात."

सरांची पुढच्या वर्षीची नेमणूक झाली नाही. व्याख्यानं तयार आहेत, माणसाची गरज नाही, असं पत्र गेलं. ज्या तुकडीला शब्द दिला होता तिचं तिसरं वर्ष सुरू व्हायला महिना होता. सर पत्र घेऊन थेट माझ्या खोलीत आले. मला वाटलं, आता बोलणार. ते समोरच्या खुर्चीत बसले, वरच्या एसीकडे बघून म्हणाले, "गार आहे की तुमच्याकडं." मग पत्र माझ्यापुढे ठेवलं. "यात लिहिलंय, एकोणीस मिनिटं रिकामी. कुणी मोजलं हो?"

"मशीनने, सर," मी म्हणालो. "आपोआप मोजतं ते."

सर थांबले. अकरा सेकंद. मी टेबलावरचा स्टेपलर उघडून त्यातल्या पिना तपासल्या.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मशीनला काय कळतंय. माणसानं लिहिलं असतं तर वाईट वाटलं असतं." उठता उठता त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसले. "पुणे अण्णा, शेवटी तुमचाच अर्थ खरा झाला बघा. आता पोरांना मी आयता मिळणार."

त्या वर्षी व्हाइटफील्डची ती मुलगी एकदा माझ्या खोलीत आली. सरळ, धीट मुलगी. म्हणाली, "सर, आय्ता सरांची जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत का? यात थांबतच नाहीत ते. मी पॉज करते, पण कुठे करायचं तेच कळत नाही. ज्याला समजलंय त्यालाच कळणार ना, कुठे थांबायचं." मी तिला तक्रारीचा अर्ज भरायला सांगितला. अर्ज माझ्याकडेच येणार होता.

वर्ष-दीड वर्षाने मी नोकरीतून मोकळा झालो आणि एका सकाळी बनशंकरीला सरांच्या घरी गेलो. वाटेत मेट्रोमध्ये वाक्य तयार केलं होतं. घंटा वाजवली, वहिनींनी दार उघडलं. सर वाळले होते, ऐकायला कमी येऊ लागलं होतं. कानाचं यंत्र होतं, पण ते टेबलाच्या खणात असायचं, कारण त्यातून फक्त शेजारचा मिक्सर ऐकू येतो असं सरांचं निरीक्षण होतं. वहिनींनी उप्पीट आणलं. सर म्हणाले, "बसा की, अण्णा. तुमचं केंद्र काय म्हणतंय?" मी केंद्राबद्दल बोललो, मोतीबिंदूबद्दल बोललो, पुण्याच्या पाण्याबद्दल बोललो. कॉफी झाली. त्यांच्या तुकडीतली सगळी पास झाली म्हणालो, तेव्हा त्यांनी कानाला हात लावून ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मग माझ्याकडचे सगळे विषय संपले. सरांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे तोंड केलं आणि विचारलं,

"आय्ता?"

आणि थांबले. जगात कुणी माझ्यासाठी इतकं थांबलेलं नाही. मी सगळे सेकंद वापरले. नवव्याला वाक्य तयार होतं, दहाव्याला लाज वाटली, आणि अकराव्याला मेट्रोतलं ते सगळं लांबलचक वाक्य गळून पडलं आणि तोंडातून एवढंच आलं, तेही पुटपुटल्यासारखं: "सॉरी, सर."

सरांना ऐकू आलं 'सरी, सर'. आमच्या कॉलेजात निरोप घेताना सगळे हेच म्हणतात. ठीक आहे सर, निघतो. चाळीस वर्षं त्यांनी हे रोज ऐकलं होतं. सर गुडघ्यावर हात ठेवून उठले, पायात चपला सरकवल्या आणि मला फाटकापर्यंत पोचवायला आले. "सरी, अण्णा. मेट्रोनंच जा. बसचा भरवसा नाही, तुम्हाला माहीत आहे की." फाटकाची कडी लावून ते तिथेच उभे राहिले. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे होते.

त्यानंतर चार महिन्यांनी सर गेले. कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला, त्याखाली सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले.

कॉलेजच्या साइटवर त्यांची व्याख्यानं अजून आहेत. कुणी आज ती पाहिली तर त्याला वाटेल, हा माणूस फार घाईत होता. म्हणून हे लिहिलं. ते घाईत नव्हते. घाईत मी होतो.

आणि एक राहिलं. त्या दिवशी मी मराठीत बोलायला हवं होतं. 'चुकलं' या शब्दासारखा ऐकू येणारा निरोपाचा शब्द कन्नडात नाही, मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. सर, ते मशीनने लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं. तुम्ही नुसते उभे नसायचात. माझं चुकलं.